अण्णांनी तिला सांगितलेला छापखाना

त्या रविवारी मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते आणि बाहेर अण्णा बोलत होते. यात काय विशेष, असं ज्यांना वाटेल त्यांनी माझे वडील पाहिलेले नाहीत. अण्णा बोलत नाहीत. ते 'हं' म्हणतात, 'बरं' म्हणतात, आणि टीव्हीवर क्रिकेट असलं तर 'गेला' म्हणतात. आई गेल्यावर मी त्यांना नाशिकरोडहून इकडे सिंगापूरला आणलं, लाँग टर्म व्हिजिट पासवर, आणि मरीन परेडच्या आमच्या फ्लॅटमधली समुद्राच्या बाजूची खोली त्यांना दिली. तेव्हापासून त्यांचं माझ्याशी जेवढं बोलणं झालं, त्याहून जास्त मी लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजारणीशी बोलले असेन. आणि आता ते सलग बोलत होते. मध्येच हसत होते. त्यांच्यासमोर सोफ्यावर मांडी घालून बसलेली मुलगी "मग? मग काय झालं, अण्णा?" असं विचारत होती, आणि अण्णा तिला 'बाळ' म्हणत होते.

मला ते 'ताई' म्हणतात. धाकटा भाऊ झाला त्या दिवसापासून मी घरात सगळ्यांची ताई झाले, अण्णांचीसुद्धा. 'बाळ' हा शब्द त्यांच्या तोंडून स्वतःसाठी ऐकल्याचं मला आठवत नाही. कांद्यामुळे डोळ्यांत पाणी होतंच, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

त्या मुलीला घरी आणलं होतं मीच. स्वतःच्या हातांनी, आग्रह करकरून.

आमचं इथलं मंडळ दर एप्रिलला जयंती करतं. कम्युनिटी क्लबचा हॉल, सकाळी वंदना, मग भाषणं, मुलांचे नाच आणि शेवटी खीर. या वर्षीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, ज्यांची जयंती करतो त्यांनी रुपयाचा एवढा अभ्यास केला होता, तर त्या काळातल्या नोटेवर एक छोटं प्रदर्शन का करू नये? दोन महायुद्धांच्या मधली आपली नोट कुणी काढली, कशी छापली, कुठे छापली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहणारच. जुन्या नोटांचं खूळ मंडळात माझं एकटीचं. मी नोकरी करते ती चिपच्या फोटोंतले दोष शोधणाऱ्या सॉफ्टवेअरवर, त्यामुळे बारीक रेघांत डोकं घालून बसायची सवय आहे, आणि सुट्टीच्या दिवशीही तेच करते म्हणून नवरा हसतो.

माझ्याकडे त्या काळातली दहाची एक नोट आहे. मधोमध घडीची रेघ, एक कोपरा झिजलेला, पण राजाचं तोंड शाबूत. मुकुट घातलेला, दाढीवाला, एका बाजूनं काढलेला चेहरा. लोकांना त्यात राजा दिसतो, मला त्याच्या मागची जाळी दिसते. फिक्या रंगाच्या बारीक रेघांची ती जाळी हातानं काढत नसत, तिचं यंत्र असे. चेहरा कोरणारा कारागीर वेगळा, अक्षरं कोरणारा वेगळा, आणि एकानं दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही अशी त्या धंद्याची रीत. एका माणसाला अख्खी नोट येऊ नये, हाच हेतू. उजेडात धरली की कागदाच्या पोटात दुसरा राजा दिसतो, शाई न लावता नुसता कागद जाड-पातळ करून उमटवलेला. मागच्या बाजूला आपल्या देशातल्या भाषांच्या ओळी आहेत. इंग्लंडात बसून ती अक्षरं काढणाऱ्याला ती वाचता येत असतील का, याची मला दाट शंका आहे.

हे सगळं मी पुस्तकांतून गोळा केलं होतं, आणि माझी पुस्तकं बोटीपाशी येऊन थांबत होती. आधी नोटा इंग्लंडात छापून बोटीनं येत. मग त्या दोन युद्धांच्या मधल्याच वर्षांत नाशिकरोडला छापखाना उभा राहिला आणि राजाचं तोंड आमच्या गावात छापलं जाऊ लागलं. त्या भिंतीच्या आत काय चालायचं, कागद कुठे ठेवायचे, रंग कसा चढवायचे, हे कुठल्याच पुस्तकात धड नव्हतं. आणि माझे आजोबा त्या भिंतीच्या आत कामाला होते. त्यांच्यानंतर अण्णा, उभी हयात.

आता कुणी म्हणेल, मग घरातच विचारायचं. छापखान्याच्या वसाहतीत जे वाढलेत ते असं म्हणणार नाहीत. आमच्याकडे रीत होती की आतलं घरी आणायचं नाही. जाताना-येताना गेटवर झडती व्हायची, खिशात स्वतःचे सुटे पैसेसुद्धा न्यायचे नाहीत, आणि डब्याबरोबर तोंडही बंद करून यायचं. बायका नवऱ्यांना 'आज काय केलं' असं विचारत नसत. कुणी पाहुणा चेष्टेनं म्हणाला, 'काय हो, एखादं बंडल आणा की घरी', तर आई त्याला चहासुद्धा उशिरा द्यायची. शाळेत असताना मी एकदा विचारलं होतं, "अण्णा, राजाच्या नोटा आपल्या आजोबांनी छापल्या का?" अण्णांनी उठून रेडिओ मोठा केला. मला उत्तर मिळालं असं मी समजले आणि पुन्हा विचारलं नाही.

तर बैठकीत ती उभी राहिली. नवीनच आलेली, भंडाऱ्याकडची, बुओना व्हिस्टाला माझ्या ऑफिसच्या शेजारच्या इमारतीत पोस्टडॉक. शाईच्या रसायनावर काम करते. "ताई, मी मदत करू काय? छपाईची बाजू मी बघते," म्हणाली. चुणचुणीत पोरगी, केस आखूड, बोलताना डोळे मोठे करते. मला आवडली. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचताना वाटेल की मला ती पहिल्यापासून खुपत होती. तसं नव्हतं. मीच म्हटलं, रविवारी घरी ये, नोट दाखवते, जेवूनच जा.

ती आली. नोट पाहिली. भिंगातून जाळी पाहिली, उजेडात धरून पोटातला राजा पाहिला. माझी छाती जराशी फुगली होती. मग तिनं कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघितलं आणि सरळ विचारलं, "अण्णा, तुम्ही छापखान्यात होता ना? हा कागद पावसाळ्यात फुगायचा नाही काय?"

मी हसून सांगणार होते की अण्णा त्यावर बोलत नाहीत. तोवर अण्णा म्हणाले, "फुगायचा तर. म्हणून तर मुरवायचा."

मी आत कांदा चिरायला गेले तेव्हा अण्णा कागदाच्या गठ्ठ्यांवर पोचले होते.

नंतर दर रविवारी हेच सुरू झालं. ती सकाळीच यायची आणि दोघं खाली हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर जायचे. जे अण्णा बाहेरच्या खाण्याच्या नावानं नाक मुरडायचे, ते आता कोपी, म्हणजे इथली घट्ट गोड कॉफी, पिऊन मिशा पुसत परत येऊ लागले. शनिवारी संध्याकाळी स्वतःचा शर्ट स्वतः इस्त्री करायचे. मी आठवडाभर त्यांच्या गोळ्या, त्यांचं डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणं, त्यांच्या पासचं नूतनीकरण, त्यांना चालणारी मऊ भाकरी, सगळं बघत होते, तेव्हा शर्ट चुरगळलेला चालत होता. आता म्हणे कॉलर नीट बसत नाही.

"तू जळतेयस," नवरा म्हणाला.

"मी कशाला जळू? मला आनंदच आहे, म्हाताऱ्या माणसाला कुणीतरी बोलायला मिळालं."

"तेच म्हणतोय. किती आनंद झालाय ते भांड्यांच्या आवाजावरून कळतंय."

माझी लेक कानातले इअरफोन न काढता इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, "आई, चिल ला. आजोबा इज हॅपी." तिला वाटलं तिनं मला समजावलं.

मला सगळ्यात काय लागलं ते सांगते. ते बोलत होते हे नाही. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले की ते थांबायचे, हे. वाक्याच्या मध्येच. "मग आम्ही तो गठ्ठा..." आणि मी दिसले की कपाकडे बघत गप्प. ती पोरगी माझ्याकडे बघून हसायची, "ताई, बसा ना, अण्णा काय मस्त सांगून राहिले," म्हणायची. मी बसायचे. मग अण्णा मला विचारायचे, "आज भात आहे का?" माझ्याच घरात, माझ्याच वडिलांसमोर मी पाहुणी आल्यासारखी बसायचे आणि भात आहे असं सांगून उठायचे.

मग मी स्वयंपाकघरातला पंखा बंद करून ऐकायला लागले. उकाड्यानं जीव जायचा, फोडणीचा धूर डोळ्यांत जायचा, पण बाहेरचं ऐकू यायचं. तुकडे तुकडे यायचे. कागद विलायतेहून यायचा, बोटीच्या पोटात भिजट हवा खाऊन. आला की लगेच मशीनवर घ्यायचा नाही. खोलीत उघडा करून ठेवायचा, खोलीची हवा त्याला प्यायला द्यायची. घाई केली तर छापताना कागद केसभर सरकायचा आणि पहिल्या रंगावर दुसरा रंग नेमका बसायचा नाही. राजाच्या मुकुटाला दोन कडा दिसायच्या. "दोन मुकुट," अण्णा म्हणाले, आणि दोघं इतके हसले की मी आत कढई आपटली.

हे सगळं माझं होतं. मी त्या नोटेच्या मागे वर्षानुवर्षं लागलेली. तांजोंग पगारच्या एका जुन्या दुकानात तासन् तास घासाघीस करून ती मिळवलेली. जाळी, मुकुट, पोटातला राजा, सगळं पाठ असलेली. आणि ज्या एका खोलीची मला इतकी वर्षं ओढ होती, तिचं दार माझ्या घरातल्या खुर्चीवर बसून एका परक्या पोरीसाठी उघडलं गेलं होतं. सोमवारी ऑफिसात चिपच्या फोटोंवर काम करताना मला दिसायचं ते अण्णांचं हसणं. दोन फोटो एकावर एक ठेवायचे आणि फरक शोधायचा, हे माझं काम. मी तिला आणि मला एकावर एक ठेवून बघत होते. तिच्यात असं काय आहे? डोळे मोठे करते, एवढंच ना?

जयंती जवळ आली तसा तिनं फलकांचा मजकूर मला व्हॉट्सॲपवर पाठवला. "ताई, एकदा नजर टाका. काही चुकलं तर बदला." पहिले फलक माझेच होते, इंग्लंडातली कोरणी, जाळीचं यंत्र, बोट. मी भराभर पुढे गेले. ट्रेनमध्ये बसायला जागा मिळाली होती. शेवटच्या फलकावर कागदाच्या खोलीबद्दल लिहिलं होतं आणि त्यात एक माणूस होता.

त्या माणसानं छापखान्याची यंत्रं आली तेव्हा स्टेशनवरून त्यांची खोकी वाहिली होती. तेवढ्यावरून त्याला आत काम मिळालं, आधी झाडायचं, मग कागदाच्या खोलीत. त्याचे तळहात कोरडे असत. घामट हाताच्या माणसाला त्या कागदाजवळ उभं करत नसत, म्हणून त्याला घेतलं. कागद मुरला की नाही हे बघायला तो ताव कोपऱ्याला धरून हलवायचा आणि त्याचा आवाज ऐकायचा. ओला कागद मऊ बोलतो, तयार कागद कडक वाजतो. त्यानं वाजवून पुढे दिल्याशिवाय ताव मशीनवर चढत नसे. आणि दुपारी पाणी प्यायची वेळ झाली की तो बाहेर ओंजळ करून उभा राहायचा. गावोगाव तेव्हा जे चालायचं तेच छापखान्यातल्या माणसांमध्येही चालायचं. माठाला त्यानं हात लावायचा नव्हता. राजाच्या तोंडाच्या कागदाला लावायचा, माठाला नाही.

खाली लिहिलं होतं, 'कागदाच्या खोलीतील एका कामगाराच्या मुलाने सांगितलेल्या आठवणींवरून.'

ते माझे आजोबा होते. मला त्यांचा एक फोटो माहीत आहे, टोपी घातलेला, डोळे बारीक केलेला. त्यांचे तळहात कोरडे होते, हे मला एका पोस्टडॉक मुलीनं पाठवलेल्या मेसेजवरून कळलं. माझं स्टेशन मागे गेलं तरी मी बसूनच होते. मला आजोबांचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण आधी जे वर आलं ते हे की हे तिला माझ्याआधी कळलं. ते तिनं लिहिलं, तिच्या शब्दांत, छान लिहिलं, आणि मला काय विचारलं, तर काही चुकलंय का बघा. मला कसं कळणार काय चुकलंय ते? मी दोन-चार स्वल्पविराम बदलले आणि 'ठीक' असं उत्तर पाठवलं.

त्या संध्याकाळी अण्णा गॅलरीत बसले होते. समोर समुद्रात नांगर टाकलेली जहाजं ओळीनं उभी होती, ती बघत बसणं हा त्यांचा आवडता उद्योग. मी जाऊन शेजारी उभी राहिले.

"तिला सांगितलंत. मला का नाही?"

त्यांनी 'काय?' असं विचारलं नाही. "तू विचारलं नाहीस," म्हणाले.

"विचारलं होतं. लहान असताना. तुम्ही रेडिओ मोठा केलात."

मला वाटलं, आता 'हं' म्हणतील आणि संपेल.

"नोकरीत होतो तोवर बोलायचंच नव्हतं, ते एक," अण्णा म्हणाले. "पण ते सोड. नोकरी सुटूनही जमाना झाला. छापखान्याचं सांगायला घेतलं ना, ताई, की तो माठ येतो. कागदाचं सांगितलं तरी येतो, मशीनचं सांगितलं तरी येतो. तो बाजूला ठेवून मला दादांचं, तुझ्या आजोबांचं, काहीच सांगता येत नाही. तुझ्या आईचं आणि माझं ठरलं होतं, पोरांना त्यातलं काही लागू द्यायचं नाही. तू शाळेत जायचीस ती अशी ताठ जायचीस. मागून सायकलवर मी बघायचो."

"मग तिला कसं सांगितलंत? तिला लागलं नाही?"

"तिच्या गावात हॉटेलात कपबशी वेगळी असायची. तिनं स्वतः बघितलंय, लहानपणी त्यातूनच चहा प्यायलाय. पहिल्याच दिवशी तिनं मला सांगितलं." ते माझ्याकडे वळले. "तिच्यापुढं मला काही जपावं लागत नाही. तू आलीस की जपावं लागतं."

माझ्यावरच्या मायेपोटी ते माझ्याशी आयुष्यभर बोलले नव्हते. हे ऐकून एखादी भली बाई बापाच्या गळ्यात पडून रडली असती. मला त्या क्षणी त्या कपबशीचा हेवा वाटला. खरंच सांगते. त्या पोरीला लहानपणी कुठल्याशा टपरीवर वेगळ्या कपातून चहा प्यावा लागला, आणि त्याच्या बदल्यात तिला माझे अण्णा मिळाले, माझे आजोबा मिळाले, असा हिशेब माझ्या डोक्यात उभा राहिला. असा हेवा करणाऱ्या बाईला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

"ये, बस," अण्णांनी शेजारची खुर्ची ओढली. "काय विचारायचं ते विचार. आता तुला कळलंच आहे. दादा कागद कसा वाजवायचे ते दाखवू?"

आणि मी म्हटलं, "राहू दे. कुकर लावायचाय."

मला ते हवं होतं. प्राण जाईल इतकं हवं होतं. पण तिला सांगून झालेलं, पुन्हा एकदा, दुसऱ्यांदा शिजवल्यासारखं, माझी समजूत काढायला म्हणून, तसं नको होतं. पहिल्यांदा मिळालं असतं तर हवं होतं. अण्णांनी खुर्ची पुन्हा होती तिथे सरकवली. नंतरच्या आठवड्यात एकदा जेवताना ते "त्या कागदाचं काय असतं..." असं म्हणाले होते, मी त्यांना अजून आमटी वाढली.

जयंतीच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, मुलांची पळापळ, मागच्या टेबलावर खिरीची पातेली. वंदना झाली, भाषणं झाली, आणि मग लोक भिंतीजवळच्या फलकांकडे वळले. माझ्या नोटेभोवती सुरुवातीला बरीच गर्दी झाली. मी भिंग फिरवत जाळी दाखवत होते, चेहरा कोरणारा वेगळा आणि अक्षरं कोरणारा वेगळा हे सांगत होते, लोक 'अरे वा' म्हणत होते. मला बरं वाटत होतं. पण 'अरे वा' म्हणून झाल्यावर सगळे शेवटच्या फलकाकडे सरकत आणि तिथून हलत नसत. एक म्हातारे गृहस्थ चष्मा काढून पुसत उभे होते. फलकाखालच्या टेबलावर तिनं कापसाच्या कागदाचे काही कोरे ताव ठेवले होते, लोकांना हात लावून बघायला.

अण्णा दरवाजाजवळ खुर्चीत बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. कुणीतरी त्यांना विचारलं असावं की हे कामगार कोण. मी त्यांचा आवाज ऐकला.

"माझे वडील. ती बघा तिथं त्यांची नात उभी आहे, भिंग घेतलेली. तिला विचारा, ती सगळं सांगेल."

त्यांनी हे अभिमानानं म्हटलं. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. लोक वळले, नोट सोडून मीही त्या टेबलापाशी आले. ओळखीच्या बायकांनी माझा हात हातात घेतला. "अगं, तू कधी बोलली नाहीस," एक म्हणाली. माझ्या आजोबांसाठी आलेली ती माया मी गुपचूप घेतली. मग विशीतला एक विद्यार्थी पुढे आला, त्यानं टेबलावरचा ताव उचलून माझ्यासमोर धरला.

"काकू, तुमचे आजोबा हा वाजवून बघायचे म्हणजे नक्की कसं? दाखवा ना."

सगळे थांबले होते. मी ताव घेतला. एका हातानं धरायचा की दोन्ही? कोपरा वरचा की खालचा? माझे तळहात घामेजले होते आणि कागदाला माझी बोटं चिकटत होती. दरवाजाजवळून अण्णा बघत होते. मी ताव हलवला, तो नुसता फडफडला. मुलगा सभ्यपणे वाट बघत राहिला, अजून काहीतरी होईल म्हणून.

मी वळून तिला हाक मारली.

ती खिरीच्या टेबलाकडून हात पुसत आली. माझ्याकडे एकदा बघितलं. ताव माझ्या हातातून घेतला, वरचा कोपरा अंगठा आणि दोन बोटांत धरला, मनगट जरासं मागे नेलं आणि एकच झटका दिला. कागद कडकन वाजला. हॉलच्या त्या टोकाला खुर्चीत बसलेल्या अण्णांनी डोळे मिटले आणि 'हां, झाला' अशी मान हलवली, आणि इतर सगळ्यांबरोबर मीही पुढे सरकून नीट बघून घेतलं की माझे आजोबा कागद कसा धरायचे.